पन्नास मीटरांवरचे संत्रे

५ ऑगस्ट २०२३. विदर्भात अधिक श्रावण चालू होता. कपाशीत डवरणी-निंदणीची लगबग होती. त्या दिवशी जर्मनीची राजधानी बर्लिन येथे आपल्या नागपूरचा एक एकविशीतला मुलगा पन्नास मीटरांवरच्या लक्ष्यासमोर उभा राहिला. त्याने पंधरा बाण सोडले आणि पंधराही बाण अगदी मधल्या गोलात जाऊन बसले. दीडशेपैकी दीडशे गुण! समोर उभा असलेला पोलंडचा लुकाश प्शिबिल्स्की काही लेचापेचा गडी नव्हता. त्याचेही एकशे एकोणपन्नास झाले, म्हणजे चौदा बाण दहाचे आणि एक नवाचा. त्या एका नवापायी त्याचे विश्वविजेतेपद गेले आणि नागपूरचा ओजस प्रवीण देवतळे धनुर्विद्येत वैयक्तिक विश्वविजेता होणारा पहिला भारतीय पुरुष ठरला.

वाचकहो, शेतीच्या साप्ताहिकात तिरकमठ्याची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला कारण आहे. त्या विजयानंतर काटोल, नरखेडकडच्या गावांत बैठकीला गेलो की बोंडअळी आणि संत्र्याची फळगळ यांच्या जोडीला हा एक विषय निघू लागला. एका गावी बैठक आटोपल्यावर एक शेतकरी बाजूला घेऊन म्हणाला, ‘साहेब, पोट्टं म्हंते धनुष्य घेऊन द्या. पेपरात त्या नागपूरच्या पोराचा फोटो पाह्यला, तवापासून त्याले काही सुचून नाही राह्यलं. दोन लाख लागतात म्हंते. खरं हाय का?’ दाराआडून त्याची बायको म्हणाली, ‘अन् नाही जमलं त मंग, भाऊ?’ दोघांचेही प्रश्न रास्त होते. दोन लाख म्हणजे एका हंगामाची सारी मिळकत, आणि कित्येकांची तर तेवढीही नसते. म्हणून ठरविले की या मुलाची वाटचाल नीट समजून घ्यावी आणि जशी आहे तशी आपल्या वाचकांपुढे मांडावी. हारतुरे आपण सगळेच पाहतो. त्यांच्या अलीकडचे आणि पलीकडचेही पाहिले पाहिजे.

आधी या खेळाचे गणित पाहू. ओजस जे धनुष्य वापरतो त्याला ‘कंपाउंड’ म्हणतात. गडचिरोली-मेळघाटातला बांबूचा तिरकमठा आपल्याला ठाऊक आहे. तो जितका ओढावा तितका जड होत जातो, आणि पूर्ण ओढल्यावर हात थरथरू लागतो. कंपाउंड धनुष्याची गोष्ट उलटी आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने ही युक्ती काढली आणि १९६९ साली तिचे पेटंट मिळविले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके बसवली, पण त्यांचा आस मध्यावर न ठेवता एका बाजूला ठेवला. विहिरीवरचे मोटेचे चाक ज्यांनी पाहिले आहे त्यांना चाकाने ओढ कशी हलकी होते ते सांगायला नको. मात्र मोटेचे चाक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच चालते, आणि हे तिरपे चाक मध्येच फिरले की ओझे एकदम उतरते. ओढताना सर्वांत जड जागी साठ पौंड, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोपर्यंत ताण चालतो. पूर्ण ओढून नेम धरल्यावर मात्र हातावर सहा ते नऊ किलोच राहतात. म्हणून धनुर्धराला थोडे थांबून, श्वास आवरून, नेम धरता येतो.

याशिवाय धनुष्यावर भिंग असते, गवंड्याच्या पाणसळीसारखी बुडबुड्याची नळी असते, दोरीत डोळ्यासमोर येईल असे बारीक छिद्र असते, तोल सांभाळायला पुढे लांब दांडी असते. दोरी बोटांनी सोडायची नसते, हातात धरलेल्या चापाने सोडायची. बाण ताशी तीनशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने जातो. इतकी सारी सोय पाहून काही लोक म्हणतात, ‘मग यात माणसाचे काय? यंत्रच मारते.’ मला हे पटत नाही. ट्रॅक्टर आला म्हणून सरळ तास कोणालाही काढता येतो का? यंत्र चांगले असले की चूक लपवायला जागा राहत नाही, एवढाच फरक.

लक्ष्यावरचा सर्वांत आतला दहा गुणांचा गोल आठ सेंटिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे आपले एक चांगले पोसलेले नागपुरी संत्रे. ते पन्नास मीटरांवर ठेवायचे. कपाशीच्या तीन-तीन फुटांच्या ओळी धरल्या तर पंचावन्न ओळी ओलांडून पलीकडे. सामना पंधरा बाणांचा. एक बाण याने मारायचा, एक त्याने, आणि प्रत्येक बाणाला वीस सेकंद. तेवढ्यात बाण लावायचा, ओढायचा, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, नेम धरायचा आणि सोडायचा. या प्रकारात गुणांची सरळ बेरीज होते. ऑलिंपिकमध्ये आजवर चालत आलेल्या दुसऱ्या प्रकारात, साध्या वक्र धनुष्याच्या, सामना टप्प्याटप्प्याने मोजतात. एक टप्पा हरला तरी पुढचा जिंकून भरून काढता येतो. कंपाउंडमध्ये तसे नाही. पहिल्या बाणाला नऊ पडला तर तो नऊ शेवटपर्यंत पाठीवर बसतो. उगवणीच्या वेळी पडलेली तूट खत घालून पुरी भरून निघत नाही, तसेच हे.

आता ओजसकडे वळू. तो जन्माने नागपूरचा. परंतु तो विश्वविजेता झाला तो साताऱ्याला राहून, आणि माझ्या मते या कहाणीतली शेतकरी कुटुंबांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. साताऱ्यात प्रवीण सावंत यांची ‘दृष्टी’ नावाची धनुर्विद्येची अकादमी आहे. नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांसमोर काचेची इमारत आणि हिरवळीचे मैदान येईल. प्रत्यक्षात ती उसाच्या शेतात आहे. चहूकडे ऊस, मध्ये मोकळा केलेला पट्टा, एका टोकाला लक्ष्ये आणि दुसऱ्या टोकाला मुले. नागपूरचा हा मुलगा घर सोडून राज्याच्या दुसऱ्या टोकाला गेला तो या शेतातल्या पट्ट्यासाठी, किंवा खरे सांगायचे तर त्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या शिक्षकासाठी.

त्याच पट्ट्यावर अदिती गोपीचंद स्वामी ही मुलगी शिकत होती. सातारा तालुक्यातील शेरेवाडी हे तिचे गाव. वडील शिक्षक, आई गावपातळीवरच्या सरकारी नोकरीत. मुलीच्या सरावासाठी हे कुटुंब गाव सोडून साताऱ्यास राहावयास आले. धनुष्य-बाणांसाठी वडिलांना कर्ज काढावे लागले, हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आलेच होते. बर्लिनला ओजस जिंकला त्याच दिवशी, त्याच्या आधी, सतरा वर्षांच्या अदितीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९ विरुद्ध १४७ असे हरवून महिलांचे विश्वविजेतेपद मिळविले होते. त्याच्या आदल्या दिवशी, ४ ऑगस्टला, ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती यांच्या संघाने जागतिक स्पर्धेतले भारताचे पहिलेवहिले सुवर्णपदक जिंकले होते. एवढ्या वर्षांत भारताला जे मिळाले नव्हते ते दोन दिवसांत तीनदा मिळाले, आणि दोन्ही वैयक्तिक विश्वविजेते एकाच उसाच्या फडातून आलेले!

इथे थोडे बाहेरच्या मुलखात डोकावू. नेमाचा खेळ आणि शेतकरी यांचे नाते केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. कॅनडाच्या मध्यभागी सास्काचेवान नावाचा गव्हाचा प्रांत आहे. तिथला हिवाळा असा कडक की कित्येक महिने शेत बर्फाखाली असते आणि नांगर धरायची सोय नाही. तिथल्या गावांत या रिकाम्या दिवसांत ‘कर्लिंग’ नावाचा खेळ चालतो. मूळचा तो स्कॉटलंडचा. जवळपास वीस किलो वजनाचा, वर मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा गोल दगड बर्फावरून सरकवायचा आणि दूरवर आखलेल्या वर्तुळाच्या मध्याशी नेऊन थांबवायचा. दगड निघाला की सोबतचे दोघे त्याच्या पुढे बर्फ झाडूने घासत धावतात; घासल्याने दगड लांब जातो आणि कमी वळतो. ऐकायला गमतीचा वाटतो, पण बुद्धीचा आणि हातातल्या मापाचा खेळ आहे. ऑलिंपिकमध्ये १९९८ पासून त्याची नियमित पदके दिली जातात. त्या वर्षी जपानमधील नागानो येथे महिलांचे सुवर्णपदक ज्या संघाने जिंकले त्याची नायिका सँड्रा श्मिर्लर ही याच सास्काचेवानातल्या बिगर नावाच्या छोट्या गावची. त्याआधी १९९३, १९९४ आणि १९९७ अशी तीन वेळा ती जगज्जेती झाली होती. दुर्दैवाने २००० साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने ती गेली. तिथल्या शेतकऱ्यांची मुले या खेळात पुढे का, याचे उत्तर सोपे आहे. बर्फाचा पट्टा गावातच असतो आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी म्हातारे-कोतारे, बायामाणसे, पोरे सगळी तिथेच असतात. मूल पाहत पाहत शिकते.

आपल्याकडे बर्फ नाही. पण पन्नास मीटरांचा सपाट पट्टा कोणत्या गावात नाही? साताऱ्याच्या त्या फडाने एवढे तरी सिद्ध केले आहे की अडते ते जागेपाशी नाही. शिकविणारा माणूस मिळत नाही, तिथे अडते. नागपूर हे केवढे मोठे शहर, तरीही मुलाला सातशे-आठशे किलोमीटर दूर जावे लागले. हे आपल्याला थोडे बोचले पाहिजे. अर्थात विदर्भ अगदीच कोरडा आहे असेही नाही. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर घ्या. २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला, जो त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर होता, १४९ विरुद्ध १४८ असे हरविले. अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने २०२५ च्या मे महिन्यात त्याच शांघायला अमेरिकेच्या कार्सन क्राहेला १३९ विरुद्ध १३८ असे नमवून वैयक्तिक सुवर्णपदक घेतले. हे आकडे जरा बारकाईने पाहा. मधुराच्या अंतिम सामन्यात दोघींचेही गुण एरवीपेक्षा दहाने खाली. अशा दिवशी दीडशेचा विचारच करायचा नसतो. समोरच्यापेक्षा एक गुण अधिक, एवढाच हिशेब ठेवायचा असतो. अवर्षणाच्या वर्षी आपणही हेच करतो.

बर्लिननंतर दोनच महिन्यांनी चीनमधील हांगचौ येथे आशियाई खेळ झाले. खरे तर ते २०२२ चे, साथीमुळे पुढे ढकललेले. तिथे ओजसने जे केले ते बर्लिनपेक्षाही अवघड होते असे माझे मत आहे. ४ ऑक्टोबरला ज्योती सुरेखाबरोबर मिश्र दुहेरीत त्याने दक्षिण कोरियाला १५९ विरुद्ध १५८ असे हरविले. एकशे साठपैकी एकशे एकोणसाठ! दोघांनी मिळून सोळा बाण मारले आणि त्यांतला एकच संत्र्याच्या बाहेर गेला; तोही नवाच्या वर्तुळात. दुसऱ्या दिवशी अभिषेक वर्मा, प्रथमेश जावकर आणि ओजस यांच्या संघाने पुन्हा कोरियालाच २३५ विरुद्ध २३० असे मागे टाकले. तिघांतले दोघे विदर्भाचे, हे जाता जाता ध्यानात घ्या. वैयक्तिक सामन्यांत उपांत्य फेरीत कोरियाच्या यांग जे-वॉनविरुद्ध पुन्हा दीडशेपैकी दीडशे. आणि ७ ऑक्टोबरला अंतिम सामना पडला तो आपल्याच अभिषेक वर्माशी.

अभिषेक हा दिल्लीचा, तेव्हा चौतीस वर्षांचा. २०१४ साली इंचेऑनला आशियाई खेळांत कंपाउंड प्रथम आले तेव्हा सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. दोन दिवसांपूर्वी ज्याच्या खांद्याला खांदा लावून सुवर्ण घेतले, त्याच वडीलधाऱ्या जोडीदारासमोर आता उभे राहायचे. ओजसने १४९ विरुद्ध १४७ असा सामना जिंकला. चार दिवसांत तीन सुवर्णपदके झाली. अदितीने तिथे संघाचे सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य मिळविले. कंपाउंडची पाचही सुवर्णपदके त्या वेळी भारताकडे आली. इकडे आपल्याकडे सोयाबीनची काढणी चालली होती, आणि मळणीयंत्राच्या धुराळ्यात उभे राहून लोक मोबाइलवर ते सामने पाहत होते. ९ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते ओजस आणि अदिती या दोघांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला.

बहुतेक ठिकाणी ही कहाणी इथे संपविली जाते. पण काटोलच्या त्या माउलीचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये शांघायला विश्वचषकाचा पहिला टप्पा झाला. भारताच्या पुरुष संघाने नेदरलँड्सला २३८ विरुद्ध २३१ असे हरवून सुवर्ण घेतले. त्या संघात होते अभिषेक वर्मा, प्रियांश आणि प्रथमेश फुगे. ओजस त्यात नव्हता. सहा-सात महिन्यांपूर्वी आशियाई खेळांत तीन सुवर्णपदके घेतलेला, आदल्या वर्षी दीडशेपैकी दीडशे मारून जगज्जेता झालेला मुलगा संघात नाही! कोणाचा काही डाव होता असे नव्हे. या खेळात निवड चाचणी नव्याने होते, सगळे धनुर्धर एका रांगेत उभे राहतात, बाण मोजले जातात, आणि ज्यांची बेरीज वरची ते जातात. मागच्या वर्षी एकरी पंधरा क्विंटल कापूस काढला म्हणून या वर्षी पेरणी न करता कोणी वेचणीला जात नाही. भारतात या प्रकारात आज इतके चांगले धनुर्धर आहेत की देशाच्या संघात येणे हेच परदेशातल्या काही सामन्यांपेक्षा कठीण होऊन बसले आहे.

२०२५ च्या मे महिन्यात तो परत आला. शांघायच्या टप्प्यात अभिषेक वर्मा आणि ऋषभ यादव यांच्यासह त्याने मेक्सिकोविरुद्ध २३२ विरुद्ध २२८ असे संघाचे सुवर्ण मिळविले. मधुराचे सुवर्णही याच स्पर्धेतले. मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कोरियातील ग्वांगजू येथे जागतिक स्पर्धा झाली तेव्हा भारतीय पुरुष संघात ऋषभ यादव, अमन सैनी आणि पुण्याचा प्रथमेश फुगे हे होते. त्यांनी ७ सप्टेंबर रोजी फ्रान्सला २३५ विरुद्ध २३३ असे हरवून पुरुष संघाचे विश्वविजेतेपद आणले. महिलांच्या संघात ज्योती, परनीत आणि प्रीतिका प्रदीप होत्या. दोन वर्षांपूर्वीचे बर्लिनचे दोन्ही वैयक्तिक विजेते, ओजस आणि अदिती, या संघांत नव्हते.

देशाचे काही बिघडले नाही, पदक आलेच. पण त्या दोन घरांत त्या दिवसांत काय वाटले असेल, याचा विचार आई-बापांनी आपले मूल मैदानावर पाठविण्याआधी करावा. शिखरावरून खाली यावे लागते तेव्हा मुलाजवळ कोण असते, हे मला दीड-दोन लाखांच्या धनुष्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. नाही जमले तर मग काय, याचे उत्तर म्हणूनच शाळा-कॉलेजात आहे. मुलाचे शिक्षण सुटू देऊ नये. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागांचा आधार मिळू शकतो, पण त्यासाठीही हातात प्रमाणपत्रे आणि पदवी लागते.

आणखी एक गोष्ट. आजवर ऑलिंपिकमध्ये १९७२ पासून सलग जी धनुर्विद्या चालत आली ती साध्या वक्र धनुष्याची. कंपाउंडला तिथे जागाच नव्हती. म्हणजे ओजसने बर्लिनला काय किंवा हांगचौला काय, जे काही मारले, त्याच्यापुढे ऑलिंपिकचे दार बंद होते. अशा प्रकारात आयुष्याची उमेदीची वर्षे घालणे हे धाडसच होते. एप्रिल २०२५ मध्ये मात्र आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ठरविले की २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील खेळांत कंपाउंडचा मिश्र दुहेरीचा एक प्रकार असेल. जोडीत एक पुरुष आणि एक स्त्री. भारताला धनुर्विद्येत २०२४ च्या पॅरिसपर्यंत ऑलिंपिकचे एकही पदक मिळालेले नाही, आणि जो प्रकार आता येतो आहे त्यात ओजसने ज्योतीबरोबर एकशे साठपैकी एकशे एकोणसाठ मारलेले आहेत. पण दार उघडले तरी आत जागा किती? भारतातून पुरुषांची एकच. अभिषेक, ऋषभ, अमन, दोन्ही प्रथमेश, प्रियांश आणि ओजस, हे सारे त्या एका जागेसाठी. सामना कोरियाशी किंवा अमेरिकेशी होईल तो पुढे. आधीचा सामना घरातला आहे.

आता खर्चाचे. आंतरराष्ट्रीय दर्जाचे कंपाउंड धनुष्य, भिंग, दांड्या, चाप आणि डझनभर बाण मिळून दोन-तीन लाखांच्या घरात जाते, तेव्हा त्या शेतकऱ्याच्या मुलाने सांगितले ते खोटे नव्हते. पण पहिल्याच दिवशी ते घ्यायचे कारण नाही. आपल्याकडे बांबूच्या देशी धनुष्याच्याही स्पर्धा होतात. त्यांना ‘इंडियन राउंड’ म्हणतात. हे धनुष्य काही हजारांत येते. वर्ष-दोन वर्षे मुलाने त्यावर हात बसवावा. पहाटे उठून जातो का, निकाल वाईट लागला तरी दुसऱ्या दिवशी जातो का, हे आई-बापांनी पाहावे. नंतर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या धनुर्विद्या संघटनेत चौकशी करावी. सावकाराकडून कर्ज काढून धनुष्य घेऊ नये, एवढे मी हात जोडून सांगतो.

शरीराचाही विचार करावा. समजा मुलगा दिवसाला दोनशे बाण मारतो आणि प्रत्येक वेळी पंचवीस किलोचा ताण ओढतो. ढोबळ हिशेब केला तर रोज पन्नास क्विंटल ओढ खांद्यावर आणि पाठीवर पडते. म्हणून वाढत्या वयात हलक्या ताणाचे धनुष्य द्यावे आणि ताण हळूहळू वाढवावा. गोऱ्ह्याला पहिल्याच हंगामात नांगराला जुंपणारा शेतकरी शहाणा नव्हे, हे आपण जाणतोच. दूध, डाळ, अंडी आणि पुरेशी झोप यांत काटकसर करू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सराव पहाटे आणि सूर्य कलल्यावरच करावा. भरउन्हात उभे राहून काही साधत नाही. घाम डोळ्यांत जातो आणि नेम बिघडतो.

ज्या गावात शिक्षक मिळू शकेल तिथे पट्टा करणे फारसे खर्चाचे नाही. वीस गुंठे जमीन पुरे. शंभर मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. शाळेच्या किंवा गावठाणाच्या पडीक जागेत हे बसते. पन्नास मीटरांवर लक्ष्य ठेवल्यावर मागे पन्नास मीटर मोकळे राहतात, ते सोडलेच पाहिजेत. शेवटी पुरुषभर उंचीचा मातीचा बांध घालावा. बाजूने पायवाट किंवा गुरांचा रस्ता नसावा, आणि सरावाच्या वेळी दोरी बांधून लाल फडके लावावे. सुटलेला बाण बंदुकीच्या गोळीसारखाच समजावा. लक्ष्य उत्तरेकडे आणि मुलांची तोंडे उत्तरेकडे ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य डोळ्यांवर येत नाही. लक्ष्याला आता रबरासारख्या फोमचे तक्ते मिळतात. देशी धनुष्यासाठी मात्र भंडारा-गोंदियाकडून आणलेल्या धानाच्या तणसाच्या घट्ट पेंढ्या दाबून बांधल्या तरी चालतात. पावसाळ्यात त्या ताडपत्रीने झाकाव्यात आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवाव्यात, नाही तर खालून कुजतात आणि उंदीर घर करतात.